थांबण्याची जय्यत तयारी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर बस चालवली आणि गाडीला कधी साधा ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. हे मला ठाऊक आहे, कारण लग्न झाल्यापासून ते मला सतत ऐकवलं जातं. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, डॉक्टरांच्या चकरा मारतात, नाहीतर सुनेच्या कामात लुडबुड करतात. आम्हाला सून नाही. म्हणून ह्यांनी राहतं घर विकलं आणि एक जुनी घरगाडी घेतली. घरगाडी म्हणजे पुढे स्टिअरिंग आणि मागे बिऱ्हाड. ओटा, पलंग, कपाटं, न्हाणीघर, सगळं एका ट्रकच्या सांगाड्यावर. उरलेलं आयुष्य हिंडत काढायचं, असं आमचं ठरलं. ठरलं म्हणजे ह्यांनी ठरवलं आणि मी पडदे शिवले.

पहिला मुक्काम लेकीकडे होता. ती घाटाच्या पलीकडे राहते. चढण आम्ही ऐटीत चढलो. उतार लागला आणि थोड्या वेळात करपल्यासारखा वास यायला लागला.

"तुझं काही जळतंय का?" ह्यांनी पुढून विचारलं.

"माझी शेगडी बंद आहे," मी म्हटलं. "तुमचंच काहीतरी जळतंय."

ह्यांचंच जळत होतं. ब्रेक तापून तापून त्यातलं तेल उकळलं आणि पॅडल थेट तळाला जाऊन बसलं. पुढची काही वळणं कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. सुटलेल्या गाड्यांसाठी रस्त्याच्या कडेला वाळूची एक चढती वाट केलेली असते. ह्यांनी गाडी नेमकी तिच्यात घातली, आणि आमचं घर पोटापर्यंत वाळूत रुतून उभं राहिलं. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. नुसती पाचावर धारण बसली.

क्रेनने आम्हाला परत वर ओढलं, कारण सगळ्या घाटात एकच गॅरेज होतं आणि ते माथ्यावर होतं. मिस्त्री चांगला धिप्पाड माणूस, पण बोलायला अगदी मऊ. त्याने आधी गाडी शेजारच्या वजनकाट्यावर चढवली आणि आकडा बघून कपाळाला हात लावला.

"काका, ह्यात भरलंय तरी काय?"

"संसार," हे म्हणाले.

मिस्त्री बूट बाहेर काढून आत आला. माझं लोखंडी पायांचं शिलाई मशीन त्याने पाहिलं. मग पलंगाखालची ऐरण पाहिली. ऐरण म्हणजे लोहार जिच्यावर घण घालतो ती. ती माझ्या सासऱ्यांची. ती घरात कोणी, कधी, कशासाठीही वापरलेली नाही.

"दोनच उपाय आहेत," मिस्त्री म्हणाला. "एक तर वजन कमी करा, नाहीतर ब्रेक वाढवा."

"ते मशीन उतरवू या," हे म्हणाले.

"ऐरण उतरवा," मी म्हणाले.

त्याने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मिस्त्रीही संसारी माणूस असावा. "ब्रेकच वाढवू या," तो म्हणाला.

अशा रीतीने एका ऐरणीपायी आणि एका मशीनपायी आम्ही गॅरेजच्या आवारात बस्तान बसवलं. गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवली, चाकं काढली, आणि घरात शिरायला दारापाशी एक डुगडुगतं स्टूल आलं. मिस्त्री भलताच सभ्य. गाडीखाली शिरण्याआधी दार वाजवायचा. "काकू, मी खाली जातोय हां." मी हो म्हणायचे आणि विसरायचे. मग मी ओट्यापासून पलंगापर्यंत गेले की घर हलायचं आणि जमिनीखालून आवाज यायचा, "काकू, चालू नका!" मी होते तिथे एका पायावर उभी राहायचे. एकदा तर डाळ निवडायला घेतलेलं ताट धरून मी इतका वेळ ताटकळले, की शेवटी जमिनीलाच विचारलं, "अहो, जिवंत आहात ना?" तो केव्हाच बाहेर येऊन चहा पीत बसला होता.

पुढच्या चाकांना मोठ्या, जाड डिस्क बसल्या. त्यांना पकडणारे कॅलिपर दुप्पट ताकदीचे. नवे पॅड, नव्या नळ्या, जास्त तापमानाला टिकणारं नवं तेल. चाकं चढली, गाडी जमिनीवर आली आणि हे आवारात फेरी मारायला निघाले. मी आत भांडी लावत होते. ह्यांनी पाय नुसता टेकवला मात्र, गाडी जागच्या जागी खिळली. मी तशी खिळले नाही. पिठाचा डबा, मी आणि चमच्यांचा खण असे तिघे एकदमच पुढच्या सीटपाशी पोचलो.

"कसा आहे ब्रेक?" मिस्त्रीने खिडकीतून विचारलं.

"उत्तम," मी पीठ झटकत म्हणाले. "आता निघू या."

"थोडं डावीकडे ओढतंय," हे म्हणाले.

मिस्त्रीने तपासलं. काही ओढत नव्हतं. तरी ह्यांच्या समाधानासाठी त्याने मागचेही ब्रेक बदलले. मग पॅडल जड वाटतं म्हणून मोठा बूस्टर आला. मग उतारावर इंजिनानेही गाडी रोखायला हवी म्हणून सायलेन्सरच्या नळीत झडप बसवून घेतली. प्रत्येक वेळी फेरी व्हायची, प्रत्येक वेळी गाडी गुमान थांबायची, आणि प्रत्येक वेळी ह्यांना काहीतरी खुपायचं. कधी पॅड किरकिरतात, कधी पॅडल उशिरा वर येतं. थांबायची एवढी जय्यत तयारी झाली होती की निघायचं कोणाला सुचेना.

दरम्यान माझा नुसता संताप व्हायला लागला होता. खिडकीबाहेर पुदिना लावलेला मोठा झाला. दुरुस्तीला आलेले लोक मला हिशेब विचारायला लागले. मिस्त्रीने गॅरेजचे फाटके पडदे माझ्याकडून शिवून घेतले, आणि ते पाहून एका ट्रकवाल्याने सीटचं कव्हर शिवायला आणून दिलं. लेक रोज फोन करायची.

"आई, कुठपर्यंत आलात?"

"इथपर्यंत."

"म्हणजे कुठे?"

"कालच्याच ठिकाणी."

एक दिवस ती म्हणाली, "मी ह्यांना पाठवते. ते बसने वर येतील आणि गाडी खाली घेऊन येतील. बाबांना जरा आराम."

फोन स्पीकरवर होता. ह्यांचं तोंड बघवेना. जावयाने येऊन सासऱ्याला त्याच्याच घरासकट खाली उतरवायचं! एरवी आकाशपाताळ एक केलं असतं. आज मात्र हे नुसते उठले आणि बाहेर गेले.

दुपारी मिस्त्री जेवायला गेला होता. मी पुदिन्याला पाणी घालून वळले तर हे ड्रायव्हरच्या सीटवर, पॅडलवर पाय ठेवून बसलेले. मला पाहून घाईने म्हणाले, "बघ, बघ, ये इकडे. पॅडल थरथरतंय. मिस्त्रीला सांगितलं तर त्याला खोटं वाटतं. डिस्क वाकडी बसली असणार."

मी वाकून पाहिलं. पॅडल खरंच थरथरत होतं.

"अहो," मी म्हटलं, "इंजिन बंद आहे."

ह्यांनी पाय उचलला. पॅडल शांत झालं. पाय हवेत तसाच थरथरत राहिला. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला, तरी थांबेना.

ज्या माणसाच्या बसमध्ये लोक निर्धास्त झोपा काढायचे, तो असा स्वतःचा पाय धरून बसलेला मला पाहवेना. मला भयंकर वाईट वाटलं.

"गाडी विकू," ते म्हणाले. "मिस्त्रीला गिऱ्हाईक बघायला सांगतो. आपण टॅक्सीने खाली जाऊ."

"आणि राहायचं कुठे? लेकीच्या बाल्कनीत?"

"बघू."

"काही बघायचं नाही. उद्या सकाळी गाडी मी चालवते."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिलाई मशीन बोलायला लागलं. पण माझ्याकडे परवाना होता. एकाला झोप आली तर दुसऱ्याला चालवता यावं म्हणून ह्यांनीच मला शिकवून, परीक्षा द्यायला लावून तो काढला होता. आजवर ह्यांना झोप आली नव्हती, एवढंच.

सकाळी मिस्त्रीने सगळे बोल्ट पुन्हा एकदा ताणून पाहिले. "काकू, उतार लागायच्या आधीच पहिला गिअर. झडपेचं बटण चालू. ब्रेक सारखा धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. एवढंच." मग हळूच म्हणाला, "काका बोलतील खूप. कानाडोळा करा."

काका बोललेच. पहिल्या वळणाच्या आधी बोलले, वळणावर बोलले, वळण संपल्यावर ते कसं घ्यायला हवं होतं तेही बोलले. "आरसा. आरसा बघ. कडेला किती जातेस! आता दाब. अगं दाब की! सोड, सोड." बोलता बोलता हे स्वतः पुढची फळी उजव्या पायाने अशी दाबत होते की ती तुटली असती. मी पहिला गिअर सोडला नाही. आमच्या मागे मालवाहू ट्रकांची रांग लागली आणि भोंगे वाजायला लागले. मी म्हटलं, वाजवा. माझ्या घरात मी हळू चालेन नाहीतर उभी राहीन.

एका वळणापुढे रस्त्यात बकऱ्यांचा कळप निवांत उभा होता. मी ब्रेक दाबला. गाडी काही न करपवता, काही न ओढता अलगद थांबली. मागे एक चमचासुद्धा वाजला नाही. माझा जीव भांड्यात पडला. बकऱ्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

"थांबली," मी म्हटलं. "बघितलंत? दोन ब्रेक कमी असते तरी थांबली असती."

हे बकऱ्यांकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "त्या दिवशी पॅडल खाली गेलं ना, तेव्हा मी आरशात पाहिलं. बसमध्ये असताना उतारावर मी आतल्या आरशात कधी बघत नसे. मागे माणसं असतात, तेवढं डोक्यात असलं की पुरे. त्या दिवशी पाहिलं. तू मागे होतीस. एका हाताने कपाट धरलं होतंस आणि दुसऱ्या हाताने माझा वाचायचा चष्मा सांभाळत होतीस, पडून फुटू नये म्हणून. डोळे मिटलेले." त्यांनी फळीवरचा पाय काढून घेतला. "आता पॅडलवर पाय ठेवला की तेवढंच दिसतं."

मला रडू आलं. स्टिअरिंग धरलेलं असल्यामुळे डोळे पुसता येईनात, तशीच बसून राहिले. इतके दिवस मला वाटत होतं की ह्यांची फुशारकी दुखावली आहे. आणि मी तोंड वाजवत राहिले.

"आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तू म्हणाली असतीस, एवढं काय त्यात."

म्हणाले असते. नक्की म्हणाले असते.

बकऱ्या निघून गेल्या. थोडं पुढे रस्त्याला रुंद जागा होती. मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि उठले. म्हटलं, "या इकडे."

"कशाला? चाललंय ना चांगलं."

"माझे हात भरून आलेत. आणि ट्रकवाले मागून काय काय म्हणतायत ते मला ऐकवत नाही. तुम्ही बसा. मी मागे जाणार नाही. इथे तुमच्या शेजारी बसते."

ते सीटवर बसले. मला पट्टा लावायला लावला, तो दोनदा ओढून पाहिला, मग तिसऱ्यांदा पाहिला. गाडी सुरू केली. पहिला गिअर. रस्ता पुढे खाली वळत होता. गाडी उताराला लागली तशी त्यांनी ब्रेक दाबला. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं.

"थरथरतोय," मी म्हटलं.

"थरथरू दे," हे म्हणाले. "दाबतोय ना."