वेलाची हजामत

वेल ‘तो’ की ‘ती’, यावरून आमच्या घरात दोन पक्ष होते. मी तेव्हा ‘ती’ म्हणायचे. सासरे ‘तो’ म्हणायचे, कारण त्यांनी उभ्या जन्मात बाईच्या केसांना कात्री लावली नव्हती आणि वेल हे त्यांचं उरलेलं एकमेव गिऱ्हाईक होतं.

हात थरथरायला लागले तेव्हा त्यांच्याकडून वस्तरा मीच काढून घेतला आणि सलून चालवायला लागले. माणसाचा कान कापला तर माणूस बोंब मारतो. वेलाला कान नसतात. निळ्या फुलांचा तो वेल शोभेसाठी मागच्या भिंतीवर मीच चढवला होता. सासरे रोज सकाळी खांद्यावर पांढरं कापड टाकून त्याच्यापुढे उभे राहायचे, "मध्यम करू की बारीक?" विचारायचे आणि मध्यमच करायचे. बारीक केलं की गिऱ्हाईक लवकर परत येत नाही, हे त्यांचं धंद्याचं शहाणपण.

वेल मात्र दुप्पट फुटायचा. आधी त्याने आमची पन्हळ गिळली, मग शेजारच्या चष्मेवाल्याच्या झरोक्यातून आत शिरून त्याच्या अक्षरांच्या तक्त्यावर पसरला. खालच्या दोन ओळी पानांआड गेल्या. चष्मेवाल्याच्या लक्षात आलं नाही. डोळे तपासणाऱ्याचे डोळे कोण तपासणार? येईल त्याला खालचं दिसेना, आणि येईल त्याच्या नाकावर जाड भिंगं बसली. शेवटी एक आजोबा नवा चष्मा लावून खांबावर आपटले, तेव्हा कुठे पानं सापडली.

चष्मेवाला आमचा घरमालकही. त्याने भर सलूनमध्ये माझी बिनपाण्याने केली आणि म्हणाला, "वेल मुळासकट काढा, नाहीतर गाळा खाली करा."

"टक्कलच करायचं म्हण की," सासरे मला म्हणाले.

"हो, बाबा."

"कर मग. घर चालायला हवं."

मी मूळ खणून काढलं. त्यांनी कापडाची नीट घडी घातली आणि बाकावर येऊन बसले. रिकामे हात जास्तच थरथरत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं वाटून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सलून उघडायच्या आधी मी खुर्चीत बसले आणि अंबाडा सोडला.

"बाबा, कापा."

"मी बायकांचे कापत नाही."

"मग मला ‘तो’ म्हणा."

त्यांनी आरशात माझ्याकडे बघितलं. मग घडी मोडली, कापड माझ्या गळ्याभोवती बांधलं आणि घसा खाकरून विचारलं, "मध्यम करू की बारीक?"

"मध्यम," मी म्हटलं. "मला परत यायचंय."

केसांची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली चार बोटं वर गेली आहे. चष्मेवाला म्हणतो, एकदम सरळ आहेत.