क्विनीनचा डाव

रविवारी दुपारी तुळसीला उत्तर सापडलं. तीनदा मांडून पाहिलं. तिन्ही वेळा काळेच जिंकले.

आता हे अप्पांना सांगायचं कोणत्या तोंडानं?

तिरुवल्लिकेणीतल्या त्या घरात गेली कित्येक वर्षं अप्पा जमिनीवर खडूनं रेघा मारून हाच एक डाव मांडत आले होते. काळे म्हणून चिंचोके, पांढरे म्हणून कवड्या. अप्पा, म्हणजे तिचे वडील अनंतकृष्णराव, युद्धात जपान्यांच्या कैदेत होते, तिथं एका पहारेकऱ्यानं त्यांना हा गो नावाचा खेळ शिकवला. सोंगटीभोवतीच्या मोकळ्या जागा म्हणजे तिचे श्वास; ते बुजले की ती मेली. या डावात काळ्या-पांढऱ्यांचे दोन घोळके एकमेकांत अडकले होते, आणि कोण कुणाचे श्वास आधी बुजवतो एवढीच शर्यत होती.

पहारेकऱ्यानं पैज लावली होती, जिंकलास तर क्विनीनच्या गोळ्या देतो. अप्पांचा जिवलग मित्र जयतीर्थ हिवतापानं फणफणला होता. काळ्यांनी खेळणारे अप्पा एका चालीनं हरले. आठव्या दिवशी जयतीर्थ गेला.

त्यानंतर एकोणीस वर्षं अप्पांनी जयतीर्थाच्या आईला तोंड दाखवलं नाही. म्हातारीनं आता अंथरूण धरलं होतं. मंगळवारी तंजावरहून तिचं पत्र आलं, एकदा येऊन माझ्या लेकराचं सांगून जा. अप्पांनी ते तुळसीपुढे ठेवलं. "तू गणिताची मास्तरीण. तो डाव मला जिंकता येत होता का, बघ. येत नसेल तर रविवारी संध्याकाळच्या गाडीनं जातो. येत असेल तर जाणं नाही."

आणि डाव तर जिंकता येत होता! अप्पांनी दोन्ही घोळक्यांचा सामायिक श्वास आधी बुजवला, म्हणजे आपल्याच हातानं आपला गळा आवळला. आधी कोपऱ्यातल्या एका जागेवर चिंचोका ठेवला असता, तर झालं असतं काम.

खरं बोलून कुणाचं भलं होणार होतं? म्हातारी वाट बघत मरेल आणि अप्पा कुढत. तुळसीनं खोटं बोलायचं ठरवलं.

चार वाजता अप्पा देवळातून आले.

"काय गं?"

"नव्हता जिंकता येत, अप्पा."

"मांडून दाखव."

तिनं एक चाल दाखवली, काळे मेले. दुसरी दाखवली, मेले. मग एकेक करत पुढच्या जागा. अप्पा नुसते तिच्या बोटांकडे बघत होते. त्यांनी ओरडावं, काहीतरी म्हणावं, असं तिला वाटू लागलं.

"अकरा जागा झाल्या," शेवटी ते म्हणाले. "कोपऱ्यातली तेवढी का सोडलीस?"

"तिथं काही नाही."

"तुळसी."

तिला रडूच फुटलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच दिवशी दिसली ती चाल. जयतीर्थ जिवंत होता तेव्हा. पहारेकऱ्याला म्हटलं, पुन्हा मांड. तो हसला आणि निघून गेला."

"मग मला कशाला विचारलंत?"

"नव्हता जिंकता येत, असं दुसऱ्या कुणी म्हटलं तर हलकं वाटेल, असं वाटलं होतं. तू म्हणालीस. नाही वाटलं."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि ते भिंतीला धरून उठले.

"पिशवी भर. दोन तिकिटं काढतो. डाव जिंकता येत होता, हे जयतीर्थाच्या आईपुढे माझ्या तोंडून निघालं नाही, तर तू सांग."