पोटावरचं तोंड आणि नाकावरचा रुमाल

ब्रेकबाईंना जगातली बहुतेक माणसं कवडीमोल वाटत, आणि हे त्या फारसं लपवतही नसत. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचं, शिकणाऱ्याच्या शेजारी जादा ब्रेकवर पाय ठेवून बसायचं, म्हणजे माणसाची खरी लायकी रोज दिसते. कोर्टात गर्जणारा वकील चढावर गाडी बंद पडली की घामाघूम होतो. "गाडीला तुमचा हुद्दा कळत नाही. क्लच हळू सोडा," एवढंच बाई म्हणत. ब्रेकबाई हे नाव त्यांना शिकणाऱ्यांनीच ठेवलं होतं, आणि त्यांना ते आवडायचं.

मग आतड्याचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर कळलं, की आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलंय आणि त्यावर पिशवी चिकटवलीय. संडास आता तिथूनच, कायमचा. डॉक्टर त्या तोंडाला स्टोमा म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्या दिवसापासून बाईंची सगळी तुच्छता उलटी फिरली आणि स्वतःवरच आली.

बाई पोटाकडे बघत नसत. पिशवी रिकामी करायची तीसुद्धा मान फिरवून, चाचपडत. बदलायची वेळ आली की हॉस्पिटलात स्टोमाच्या सिस्टरकडे जात आणि ती काम करेपर्यंत छताकडे बघत पडून राहत. पिशवी भरू नये म्हणून जेवण निम्म्यावर आणलं होतं.

घरी नवरा होता. विमा एजंट, बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बायकोला पोटाची गाठ झाली होती, ती काढली, असं त्याने सगळीकडे सांगून टाकलं. तिचा कप वेगळा केला. आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. सुगंधी फवाऱ्याचा डबा आणला आणि ती खोलीतून गेली की मागून फुसफुस करू लागला. "तुझ्या भल्यासाठीच," तो म्हणे. मलाच माझी घाण वाटते, तर त्याला कोणत्या तोंडानं बोलणार, असं बाईंना वाटे.

एकदा पिशवी बदलताना सिस्टरने विचारलं, "घरी रडू येतं का?"

"राग येतो."

"कुणाचा?"

बाई पुन्हा छताकडे बघू लागल्या. सिस्टरने वजनाचा आकडा बघितला. "राग आला तरी हरकत नाही. जेवण मात्र तोडू नका. आतडं उपाशी ठेवलं की उलट त्यात गॅसच जास्त धरतो. पुढच्या वर्गाला या, आणि घरचं माणूस घेऊन या."

हा वर्ग म्हणजे हॉस्पिटलातली एक लांबट खोली, मधे टेबल, भोवती पेशंट आणि त्यांचे नातेवाईक. भिंतीवर हसऱ्या माणसांची चित्रं. इतकं हसण्यासारखं काय झालंय यांना, असं मनात म्हणत बाई कोपऱ्यात बसल्या. नवरा मात्र खुलला. आजारात मन खंबीर कसं ठेवावं यावर त्याने सिस्टरच्या आधीच भाषण ठोकलं. जोडीदाराची साथ म्हणजे काय, हे सांगताना त्याने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. घरी त्याने त्यांना किती दिवसांत शिवलं नव्हतं, हे त्या खोलीत एकट्या बाईंनाच माहीत होतं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या सुनेला त्याने आपलं कार्डही दिलं.

सिस्टरने शांतपणे ऐकून घेतलं आणि टेबलावर रबराचं पोट ठेवलं. त्यावर स्टोमाचा लाल गोळा होता. "या साहेब, तुम्हीच सुरुवात करा. आधी ओल्या कापडानं पुसा, कोरडं करा, मग पिशवी बसवा."

नवरा उठला. कापड हातात घेतलं, वाकला, आणि त्याने खिशातून रुमाल काढून नाकावर धरला.

"साहेब," सिस्टर म्हणाली, "हे रबर आहे. अजून काही खाल्लेलं नाही त्यानं."

म्हाताऱ्याची सून खुदकन हसली, मग म्हातारा, मग सगळेच. नवऱ्याने रुमाल खाली घेतला, पुन्हा वर नेला, आणि हवा कोंदट आहे असं काहीतरी पुटपुटत बाहेर गेला.

बाई हसल्या नाहीत. त्या दाराकडे बघत राहिल्या. धुतलेल्या रबराचा या माणसाला वास येतो. म्हणजे फवारे मारत होता तो कशावर? आणि आपण याच्या नाकावर विश्वास ठेवून आपल्याच अंगाला विटलो? शेजारी बसून इतकी माणसं जोखली, आणि घरातलं हे ध्यान तेवढं नजरेतून सुटलं. आयुष्यात कुणाची एवढी कीव त्यांना आली नव्हती, आणि त्या किवेत प्रेमाचा टिपूसही नव्हता.

त्या उठल्या. "सिस्टर, पडद्यामागे चला. आज मी बदलते."

आरशात त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. लाल, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखं. बोट लावलं तर दुखलंही नाही. पुसताना कापडाला किंचित रक्त लागलं, तशा त्या थबकल्या.

"एवढं येतंच," सिस्टर म्हणाली. "हिरडीसारखं समजा. खूप आलं, थांबलं नाही, तर मला कळवा."

इतके दिवस ज्याला आपण भ्यालो ते एवढंच, याची बाईंना जवळजवळ निराशाच वाटली. पिशवीच्या चिकट चकतीला मापाने भोक कापलं, ती दाबून बसवली.

"वाकडी बसलीय," सिस्टर म्हणाली. "काढा. हळूच, कातडी दाबून धरत."

शाबासकी दिली नाही, हे बाईंना फार बरं वाटलं. दुसऱ्या खेपेला चकती नीट बसली. तेव्हा मात्र त्यांना रडू आलं, चांगलं हमसून. सिस्टर पडद्याजवळ उभी राहिली.

घरी आल्यावर त्यांनी फवाऱ्याचा डबा नवऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. "हा तुमच्या खोलीत ठेवा. वास तिथेच येतो." संध्याकाळी नणंदेचा फोन आला. गाठ कशी आहे, तिने विचारलं. "गाठबीठ नाही," बाई मोठ्याने म्हणाल्या. "पोटावर पिशवी आहे, संडासाची. तुमच्या भावाला सांगायला लाज वाटते, म्हणून मी सांगते." बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र सळसळलं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बाई गाडीत बसू लागल्या. सीटबेल्ट स्टोमावर दाबू नये म्हणून सिस्टरने त्यांना पट्टा कसा घ्यायचा ते आधीच दाखवलं होतं. एकदा सिग्नलला पोटातून लांबलचक गुरगुर निघाली. शिकणारी बँकेतली मुलगी दचकली.

"बाई, गाडीतून आवाज येतोय का?"

"गाडीतून नाही, माझ्यातून. पोटाला कधी बोलायचं ते माझ्या हातात नाही. तू समोर बघ, हिरवा झालाय."

मुलगी कानापर्यंत लाल झाली, पण गाडी तिने झकास उचलली.

नवऱ्याने काही दिवसांनी कप परत एकत्र ठेवले, गादीही आत आणली. माफी मागितली नाही, आणि बाईंनी मागायलाही लावली नाही. त्या दोन्ही वेळा पोटभर जेवू लागल्या. तो अजूनही जेवताना जगाला शहाणपण शिकवतो. पूर्वी त्या अधूनमधून हुंकार भरत; आता तो बोलायला लागला की ताट उचलून आत जातात.