शेवटची लाल ओळ

मळगेवाडीच्या आरोग्य उपकेंद्राला तीन वर्षं कुलूप होतं. आधीची सिस्टर बदलून गेली, दुसरी आलीच नाही, आणि किल्ली नेमकी कुणाकडे हे विचारता विचारता शिवकन्येच्या चपला झिजल्या. शिवकन्या गावची आशाताई. वजन करायचं, गोळ्या वाटायच्या, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, एवढं तिचं काम. इंजेक्शन द्यायची तिला परवानगी नव्हती. तिनं कन्नडमधून अर्ज केले, मराठीतून केले, एकदा तर चिडून दोन्ही भाषा एकाच कागदावर लिहिल्या. पण मळगेवाडी पडली कर्नाटकच्या टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेवर, आणि तिकडं कुत्रंही फिरकत नव्हतं.

यंदा मात्र तिच्या जिवाला घोर लागला होता. तात्यारावांची सून स्नेहल आठव्या महिन्यात होती. पाय सुजलेले, तोंडावर सूज, रक्तदाब चढता. उमरग्याच्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, की रोज बीपी बघा, वाढलं तर ताबडतोब इंजेक्शन देऊन इकडं आणा, नाहीतर झटके येतील आणि आई नाहीतर बाळ हातचं जाईल. उमरगा महाराष्ट्रात, पण अकरा किलोमीटरवर. आळंद आपल्या राज्यात, पण चाळीस. मळगेवाडीची अर्धी लेकरं उमरग्यातच जन्मलेली.

"अक्का, मला काय व्हनार न्हाई ना?" स्नेहलनं विचारलं. नवरा पुण्यात कामाला, सासू वारलेली, घरात विचारायला दुसरं बाईमाणूस नव्हतं.

"मी हाय की," शिवकन्या बोलून गेली, आणि विहारामागच्या त्या घरातून बाहेर पडताना ती स्वतःवरच चिडली. इंजेक्शन देणारं माणूस गावात नाही, आणि हिला सांगतेय मी हाय की!

मग तिला अवदसा आठवली. पलीकडच्या एका गावानं मागं 'आम्ही कर्नाटकात जातो' असा ठराव केला होता, तर आठ दिवसांत त्यांच्या दारात नळ आला. म्हणजे रडून कुणी बघत नाही, रुसून बघतात! ती तडक पंचाक्षरीकडे गेली. तो दारांवर नावं रंगवणारा माणूस. शिवकन्येनं सांगितलं तसं त्यानं पत्र्यावर लिहिलं: 'उपकेंद्रात तीन वर्षं सिस्टर नाही. बाळंतिणींचे हाल होत आहेत. कृपया सिस्टर द्यावी. नाहीतर आम्हाला महाराष्ट्रात जाऊ द्या.' निळा रंग तिसऱ्या ओळीला संपला म्हणून चौथी ओळ त्यानं लाल रंगात काढली. सोमवारी सकाळी पाटी फाट्यावर लागली.

मंगळवारी दुपारपर्यंत ती टीव्हीवर होती. पण कॅमेऱ्याला निळं काही दिसलंच नाही. लाल ओळ तेवढी पडद्यावर, आणि तिच्यावरून अशी माणसं भांडत होती ज्यांनी मळगेवाडीचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं. एक म्हणे इंचभर जमीन देणार नाही. दुसरा म्हणे सीमाबांधवांनो, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. सिस्टर देऊ असं एकही मायेचा पूत बोलला नाही.

बुधवारी सकाळी साठ पोलीस आले. आठशे वस्तीच्या गावाला साठ! त्यांना उतरायला जागा हवी, तर उपकेंद्राची किल्ली दहा मिनिटांत सापडली. शिवकन्या धावत गेली, तर बाळंतपणाच्या टेबलावर हेल्मेटं आणि वळकट्या रचलेल्या. तिला रडावं की हसावं कळेना. दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद झाल्या, उमरग्याच्या रस्त्यावर लोखंडी बॅरिकेड पडलं, आणि पलीकडून एक संघटना, अलीकडून दुसरी, अशी दोन्हीकडून दगडं सुरू झाली. ज्या रस्त्यानं स्नेहल जाणार, तोच तिनं बंद करून ठेवला होता.

ती पाटी काढायला गेली. शिपायानं हात धरला.

"काढू नका बाई. तो पुरावा हाय."

गुरुवारी सकाळी नऊला तात्याराव धापा टाकत आले. "शिवक्का, पोरगी कायबी बोलायली. डोळ्याम्होरं काजवे चमकायलेत म्हनते."

शिवकन्येनं दंडाला पट्टा बांधला. एकशे ऐंशीवर एकशे वीस. पुन्हा बांधला, तेच. गावातल्या रेवणसिद्धप्पाची जीप काढली, स्नेहलला मागच्या बाकावर आडवं केलं आणि फाट्यावर आले. बॅरिकेडपलीकडे टायर जळत होते. आळंदकडे वळावं तर तिकडंही चौकात रस्ता रोखलेला, जीप दिसली की काचा फुटत होत्या.

इन्स्पेक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं जीपमध्ये डोकावून बघितलं, आणि त्याचाही चेहरा उतरला. "अक्का, तिकडं दगडं मारायलेत. गाडी सोडलो आन कुणी मेला की माझी नोकरी जातंय. साहेबांना विचारतो." त्यानं फोन लावला. साहेब टीव्हीवाल्यांशी बोलत होते. पुन्हा लावला. अजून बोलत होते. मळगेवाडीबद्दलच बोलत होते.

तात्यारावांनी त्याचे पाय धरले. इन्स्पेक्टर मागे सरला, म्हणाला, "अप्पा, असं करू नका."

आणि तेवढ्यात शिवकन्येला दिसली पांढरी ॲम्ब्युलन्स. बंदोबस्ताला एक असावी लागते म्हणून झाडाखाली उभी होती. आत ऑक्सिजन, औषधं, आणि एक सिस्टर! तीन वर्षं जिच्यासाठी हिनं उंबरे झिजवले ती सिस्टर, फाट्यावर, चिवडा खात बसलेली. तिचं नाव भुवनेश्वरी. तिनं चिवडा टाकला, स्नेहलला बघितलं, कुणाला न विचारता इंजेक्शन भरलं आणि दिलं.

"पहिला डोस दिलाय. पण ऑपरेशनच पायजे, अन ते बी लगेच."

"मग चला की!"

"ताई, गाडी बंदोबस्ताची हाय. दगडफेकीत कुणी जखमी झालं तरच हलवायची, असं लेखी हाय. डायवर ऐकायचा न्हाई."

शिवकन्येनं ड्रायव्हरकडे बघितलं. त्यानं नजर फिरवली. इन्स्पेक्टर फोन कानाला लावून उभा होता. जीपमध्ये स्नेहलचा जबडा आवळत चालला होता, आणि कॅमेरेवाले जळत्या टायरकडे तोंड करून उभे होते. कुणीही, कुणीही इकडं बघत नव्हतं.

तिनं रस्त्याकडेचा धोंडा उचलला. पोलिसांनी काठ्या सरसावल्या. त्यांना वाटलं हिचा नेम आपल्यावर. शिवकन्येनं तो दोन्ही हातांनी स्वतःच्याच कपाळावर हाणला.

रक्त डोळ्यात उतरलं तसे कॅमेरे वळले. "आंदोलक महिला जखमी!" कुणीतरी ओरडलं. आता इन्स्पेक्टरला कुणाला विचारायची गरज नव्हती. "गाडीत घ्या! लौकर!" शिवकन्येनं स्नेहलचं मनगट असं आवळलं होतं की सोडवता येईना. "जखमीची नातेवाईक हाय," भुवनेश्वरी ड्रायव्हरला म्हणाली आणि दोघींना आत ओढलं. पुढं पोलीस जीप, वर सायरन. आळंदकडच्या चौकातला जमाव आपोआप बाजूला झाला. वाटेत स्नेहलला पहिला झटका आला, मग दुसरा.

जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगी, पावणेदोन किलोची. शिवकन्येला सहा टाके पडले. स्नेहलनं डोळे उघडलेच नाहीत. शनिवारी सकाळी ती गेली.

त्याच दुपारी एक मंत्री शिवकन्येच्या खाटेजवळ आले, मागे कॅमेरे. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि काय हवं ते सांग म्हणाले.

"सिस्टर द्या साहेब. माझ्या वहीत अजून चौघी गरोदर हायत."

"नक्की, नक्की," मंत्री म्हणाले, आणि बाहेर जाऊन मळगेवाडीला कायमची पोलीस चौकी जाहीर केली. जागेची अडचण नव्हती. उपकेंद्राची इमारत होतीच.

संध्याकाळी तात्याराव आले. दाढी वाढलेली, हातात फडक्यात गुंडाळलेली नात.

"शिवक्का, एक इचारतो. पाटी लावली नसती तर गुरवारी जीप उमरग्याला गेली असती. व्हय का न्हाई?"

खोटं बोलायची तिला फार इच्छा झाली. टाके ठणकत होते.

"व्हय, काका. गेली असती."

म्हाताऱ्यानं मान हलवली. शिवी देईल, तोंडावर थुंकेल, असं तिला वाटलं, आणि तसं त्यानं करावं असंही वाटलं. पण तो खाटेच्या कडेला बसला. पोर कुरकुरायला लागली तशी त्यानं ती अवघडल्या हातांनी तिच्यापुढं धरली.

"हिला काय पाजू? कुणी काय सांगायलं न्हाई. आता तुज्याबिगर कुनाला इचारू?"

शिवकन्या उठून बसली. डोळे पुसले, पोरीला मांडीवर घेतलं आणि सांगू लागली, डॉक्टर लिहून देतील ते डब्याचं दूध आणा, वाटी-चमचा उकळून घ्या, दर दोन तासांनी पाजा, थंडी लागू देऊ नका. तात्याराव एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि ती सांगत होती.