नऊ सेकंदांचं खोटं

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगताना छाती फुगवून बोलावं, असं मलाही वाटत होतं. पण आज मान खाली घालूनच बोलणार आहे.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे मला पाण्यात बुडवलं, टेबलावरून पाडलं. तरी सेकंदाची चूक झाली नाही, म्हणून मी पास झालो. मग मुलींच्या एका फुटबॉल क्लबात फिजिओताईंच्या गळ्यात आलो. खेळाडूंच्या दुखापती बघणं हे त्यांचं काम. मलमाचा वास, एक अरुंद पलंग आणि बर्फाची पेटी, एवढीच त्यांची खोली. "माणूस चुकेल, हे नाही चुकणार," असं त्या येईल त्याला सांगायच्या. मी पार शेफारून गेलो.

मोसमाच्या सुरुवातीला ताई प्रत्येक मुलीला डोळे मिटून एका पायावर उभं करत. दुसरा पाय टेकेपर्यंत किती वेळ गेला, ते माझ्यावर बघून लिहून ठेवत. डोक्याला जोरात लागलं की माणसाचा तोल बिघडतो. म्हणून दुखापतीनंतर पुन्हा मोजायचं. आकडा पहिल्याइतका आला आणि डोकं दुखत नसलं, तरच परत खेळायचं. तेही पायरीपायरीने. आधी चालणं, मग धावणं, मग सराव आणि अगदी शेवटी सामना.

एका मोसमात अशा मोजणीच्या दिवशी मी बाकावर पडलो होतो. शेजारी बसलेली जुनी गोलकीपर कप्तानाच्या कानाला लागली. "आत्ता मुद्दाम लवकर पाय टेक. उद्या डोक्याला लागलं तरी आकडा जुळेल. बाहेर बसायला नको."

कप्तान हसली. तिची पाळी आली आणि नवव्या सेकंदाला तिने पाय टेकला. हीच मुलगी गप्पा मारत, एका पायावर उभी राहून आरामात मोजे चढवायची. मी नऊ दाखवले आणि मूग गिळून बसलो. आपलं काम मोजायचं, उगाच कशाला लुडबूड करा, अशी मनाची समजूत घातली.

दोन महिन्यांनी एका सामन्यात तिच्या डोक्यावर कुणाचा तरी गुडघा आपटला. आठवड्याने ताईंनी परत मोजलं. कप्तान ओठ आवळून, लटपटत उभी राहिली. साडेनऊ सेकंद. ताईंना हायसं वाटलं. पुढे प्रत्येक पायरीवर त्या विचारत, डोकं दुखतंय का? ती मान हलवून नाही म्हणे. अंतिम सामना तोंडावर आला होता ना!

त्या सामन्यात एक साधाच उंच चेंडू आला. तिने तो डोक्याने मारला, खाली बसली आणि तशीच आडवी झाली.

कित्येक आठवडे ती पडदे ओढून पडून होती. उजेड सोसत नव्हता, दोन ओळी वाचल्या तरी मळमळायचं. तिची आई आमच्या खोलीत आली. पलंगाच्या कडेवर टेकत तिने विचारलं, "तुमच्या तपासणीत सगळं बरोबर होतं ना?"

ताईंनी वही उघडून दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई गेल्यावर ताईंनी मला गळ्यातून काढून खणात टाकलं. कात्री आणि जुन्या पट्ट्यांमध्ये मी पडून राहिलो. माझी तीच लायकी होती.

एके दिवशी कप्तान स्वतः आली. भिंतीला धरून उभी राहत म्हणाली, "ताई, ते नऊ सेकंद खोटे होते. मी मुद्दाम पाय टेकला होता."

"आणि मी नुसता आकडा बघितला," ताई म्हणाल्या. "तुझ्याकडे बघायला हवं होतं."

त्यांनी मला खणातून काढून बाहीने पुसलं. पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात झाली. चालणं, मग हळू धावणं, असे कितीतरी आठवडे गेले.

परवा ती सगळ्यांबरोबर सरावाला उतरली. पुढच्या सामन्याच्या यादीत प्रशिक्षकांनी तिचं नाव लिहिलं होतं. चार मिनिटं झाली. छान धावत होती, कुणाला काही शंकाही आली नव्हती. ती आपणहून थांबली. "ताई, डोकं दुखतंय. थोडंच आहे, पण दुखतंय."

ताईंनी मला थांबवलं. एक पायरी मागे. प्रशिक्षकांनी तिच्यासमोरच तिचं नाव खोडलं. टॉवेलात तोंड खुपसून ती खूप रडली, पण खेळते म्हणाली नाही. जुनी गोलकीपर तिच्या शेजारी खाली मान घालून बसली होती.

मित्रांनो, मला तोंड नाही, ही सबब मी स्वतःला फार दिवस सांगितली. लाज काही त्याने कमी झाली नाही. तुम्हाला तर तोंड आहे. डोक्याला लागलं तर खरं सांगा. आणि मैत्रीण लपवत असेल, तर ती रागावली तरी तिच्यासाठी सांगा.