शेपटीचे केस

आमच्या गोठ्यात दोन संकरित कालवडी आहेत. सख्ख्या बहिणी, पण एकीचा गुण दुसरीत नाही. भुरी सासूबाईंची लाडकी, काळी सासऱ्यांची. शेण मात्र दोघींचं माझ्या वाट्याला. चारा एकीपुरताच, तेव्हा दुसरी विकायची असं ठरलं आणि मला आनंद लपवता येईना.

कोणती विकायची, यावरून दोघांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी गुरांच्या डॉक्टरांनी तोडगा काढला. संकरित जनावरात कुणाचं रक्त कुठे उतरेल याचा नेम नसतो, सख्ख्या बहिणींतही एकीचं दूध दाट तर दुसरीचं पाणचट निघतं, असं ते म्हणाले. शेपटीचे केस मुळासकट द्या, प्रयोगशाळा सांगेल. मी केस उपटले, काळीची लाथ खाल्ली, दोन पाकिटांवर दोघींची नावं घातली आणि पाकिटं सकाळपर्यंत फडताळात ठेवली.

काही दिवसांनी डॉक्टर निकाल घेऊन आले. काळी दाट दुधाची, भुरी पातळ. मी गिऱ्हाइकाला निरोप धाडायला उठलेच. सासऱ्यांनी मिशीवर ताव द्यायचा, तर ते चहाकडे बघत बसले. सासूबाई मात्र कडाडल्या. प्रयोगशाळा थापाडी आहे म्हणाल्या.

"दोन्ही पाकिटांत काळीचेच केस होते. भुरीचे काढून मीच भरले. मग एक चांगली, एक वाईट कशी?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. "काळीच्या पाकिटात मी भुरीचे भरले होते."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. म्हणजे केसांची नुसती अदलाबदल झाली होती, दाट दूध भुरीचंच. सासूबाई जिंकल्या होत्या, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच.

"उठता बसता भुरीला नावं ठेवता, आणि मनातून तीच चांगली वाटत होती?"

"तुलाही काळीचाच भरवसा होता की."

दोघं चक्क लाजली. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. पाचच मिनिटांत ठरलं, कुणालाच विकायचं नाही. चाऱ्याला जागा हवी, तर सूनबाईंचा गुलाबाचा वाफा आहेच.

मी मुकाट्याने फावडं उचललं. डॉक्टरांनी जाताजाता दोघींना तपासलं आणि हसत सांगितलं, दोघीही गाभण आहेत.