शस्त्रपूजेतला पट्टा

कडूबाचा झेंडू चिखलीच्या बाजारात जायचा, पण दसऱ्याला एक टोपलं ठाण्यातल्या शस्त्रपूजेला ठरलेलं. बापाच्या वेळेपासूनचा रिवाज. यंदा मात्र त्याचा पाय निघेना. पोळ्याच्या सुमारास पाण्याची मोटर चोरल्याच्या संशयावरून ठाणेदारानं त्याला आत घेतलं आणि चामडी पट्ट्यानं पाठ सोलून काढली. चोर पुढे दुसराच निघाला. कडूबानं वर तक्रार केली, तर ठाणेदारानं चक्क कानावर हात ठेवले. असला पट्टा आमच्या ठाण्यात नाहीच, वळ बैलाच्या दाव्याचे असतील, असं लिहून दिलं. गावालाही तेच खरं वाटलं. मारापेक्षा ते कडूबाला जास्त लागलं. तेव्हापासून तो घरातही सदरा काढत नव्हता.

"फुलायनं काय गुन्हा केला?" त्याची बायको आशाबाई म्हणाली. "देऊन या."

ठाण्यात सतरंजीवर हत्यारं मांडली होती. मांडणी दरवर्षीप्रमाणे जानराव हवालदाराची. तक्रारीची चौकशी ज्यांच्याकडे होती, त्या अनुपमा मॅडम पाहुण्या म्हणून खुर्चीवर बसल्या होत्या. ठाणेदार सोवळं नेसून पाटावर बसले आणि भक्तिभावानं एकेकाला कुंकू लावत निघाले. रायफल झाली, पिस्तूल झालं, लाठी झाली. लाठीशेजारी पट्टा होता, त्यालाही कुंकू लागलं. वर कडूबाचं फूल वाहिलं, तेव्हा कुठे साहेबांचा हात थबकला. देव बुद्धी वाटत होता तेव्हा हे बहुधा बंदोबस्तावर असावेत.

मॅडमनी हे काय म्हणून विचारलं. जानरावानं आधी पट्ट्याकडे, मग दारातल्या कडूबाकडे पाहिलं.

"सवयीनं मांडला मॅडम. दरसाली पुजेत असते हा," तो म्हणाला. "कडूबाले यानंच मारलं. म्या पाह्यलं, अन् गप राह्यलो."

ठाणेदार घाईघाईनं उपरण्यानं कुंकू पुसायला वाकले.

"पुसू नका," मॅडम म्हणाल्या.

पंच आले आणि पट्टा कुंकवाफुलासकट सील झाला. निघताना जानरावानं खाली मान घालून आपट्याचं पान पुढं केलं. कडूबानं क्षणभर विचार केला आणि घेतलं.

घरी येऊन त्यानं आशाबाईला सगळं सांगितलं, सदरा काढून खुंटीला टांगला आणि रस्त्याकडे पाठ करून ओट्यावर बसला. सोनं वाटायला लोक येत होते. आशाबाईनं टॉवेल आणून त्याच्या पाठीवर टाकला.

"राहू दे व," तो म्हणाला. "आज पाहू दे सगळ्यायले."